नियोगी अहवाल: निष्कर्षाआधी पद्धत वाचा

धर्माच्या प्रचारावर कायद्याने बंधन असावं की नसावं, हा विषय पीएच.डी.साठी दर वर्षी कुणी ना कुणी घेतंच. सिनॉप्सिसचा साचाही ठरलेला असतो. आधी संविधानाचं कलम २५, मग १९७७ चा स्टॅनिस्लॉस खटला, मग राज्याराज्यांतल्या कायद्यांची यादी, आणि शेवटी रिसर्च गॅप म्हणून ‘या विषयावर मराठीत फारसं काम झालेलं नाही’ हे वाक्य. वाक्य खरं असेलही. पण मराठीत काम नाही, एवढ्याने गॅप तयार होत नाही. कोणता प्रश्न अजून कुणी नीट विचारला नाही, ते सांगता आलं तर तो गॅप.

या विषयात तो प्रश्न अगदी पायाशी आहे. धर्मप्रचार रोखा म्हणणाऱ्या प्रत्येक कायद्याच्या मागे एक वस्तुस्थितीचा दावा असतो: गरीब, न शिकलेल्या माणसाला पैसा, नोकरी, औषध, शाळा यांची लालूच दाखवून किंवा धाक घालून त्याचा धर्म बदलवला जातो. हा दावा खरा की खोटा, हे तुमच्या-माझ्या मतावर ठरत नाही. तो तपासावा लागतो. स्वतंत्र भारतात तो सरकारी पातळीवर मोठ्या प्रमाणात तपासला गेला तो आपल्याच भागात, नागपुरात बसलेल्या सरकारने नेमलेल्या समितीकडून. १९५६ चा नियोगी समितीचा अहवाल तो हाच. त्याचं नाव सगळे घेतात, निष्कर्षही सगळ्यांना पाठ असतात. पण समितीने ते काढले कसे, हे वाचलेला विद्यार्थी मला तरी क्वचितच भेटतो. म्हणून या लेखात निष्कर्षांपेक्षा पद्धतीकडे बघू.

आधी भूगोल, कारण इथे पुष्कळांची गल्लत होते. वर्धा तेव्हा महाराष्ट्रात नव्हतं. नागपूर, वर्धा आणि वऱ्हाड हे सगळं जुन्या मध्य प्रदेशात होतं आणि राजधानी नागपूर होती. आज छत्तीसगढात असलेले सरगुजा, रायगड हे जिल्हेही त्याच राज्यात. (रायगड म्हणजे कोकणातलं नव्हे. संदर्भ शोधताना हा घोळ होतोच होतो.) मिशनऱ्यांबद्दलच्या तक्रारींचं मुख्य केंद्र तिकडे, उराँव आदिवासींच्या भागात होतं. त्या भागात हा वाद नवा नव्हता. रायगड संस्थानाने १९३६ सालीच धर्मांतराविषयी कायदा केला होता. संस्थानं विलीन झाली, संविधान आलं, मिशनऱ्यांना तिथे मोकळीक मिळाली, तसा जुना वाद नव्या राज्य सरकारच्या दारात आला. रविशंकर शुक्ल यांच्या सरकारने १४ एप्रिल १९५४ च्या ठरावाने समिती नेमली. अध्यक्ष होते नागपूर उच्च न्यायालयाचे निवृत्त मुख्य न्यायाधीश भवानीशंकर नियोगी.

समितीच्या सदस्यांच्या यादीत एक नाव आपल्या गावचं आहे. एस. के. जॉर्ज, वर्ध्याच्या कॉमर्स कॉलेजातले प्राध्यापक, आणि समितीतले एकमेव ख्रिस्ती सदस्य. त्यांच्याकडे मी पुन्हा येणार आहे, कारण माझ्या मते अख्ख्या अहवालातलं सगळ्यात अवघड कोडं म्हणजे त्यांची सही.

आता पद्धत. अहवाल सांगतो की समिती १४ जिल्ह्यांत फिरली, ७७ केंद्रांना तिने भेट दिली, ११,३६० माणसांशी तिचा संपर्क आला आणि ही माणसं सुमारे ७०० गावांतून आलेली होती. ३७५ लेखी निवेदनं मिळाली. शिवाय ९९ प्रश्नांची एक प्रश्नावली काढली, तिला ३८५ उत्तरं आली. आकडे दांडगे आहेत. आज कुणा विद्यार्थ्याने ११,३६० चं सॅम्पल आणलं तर गाइड त्याला डोक्यावर घेतील. पण आकडा बघून दबून जाऊ नका, तो उलगडून बघा. ११,३६० माणसं आणि ७७ केंद्रं, म्हणजे ढोबळ मानाने एका केंद्रामागे १५० माणसं. दीडशे माणसांशी एका ठिकाणी जे होतं त्याला मुलाखत म्हणायचं का? ती सभा झाली. समोर सरकारने पाठवलेले मोठे लोक, भोवती गाव, गावात मिशनचे आणि मिशनच्या विरोधातले असे दोन तट, आणि मधे एक माणूस उठून सांगतो की मला अमुक देऊन ख्रिस्ती केलं. तो खोटं बोलतोय असं माझं म्हणणं नाही. तो खरंही बोलत असेल. पण गर्दीत दिलेलं उत्तर आणि एकट्याने, ओळखीच्या माणसाजवळ, आपल्या बोलीत दिलेलं उत्तर यांचं वजन सारखं धरता येत नाही. उराँव किंवा कोरकू माणसाचं म्हणणं दुभाष्यातून समितीपर्यंत आलं असेल तर आणखी एक पडदा मधे.

दुसरा आकडा याहून बोलका आहे. प्रश्नावलीच्या ३८५ उत्तरांपैकी ५५ ख्रिस्ती लोकांची, ३३० इतरांची. म्हणजे सातात एक. धर्मांतर केलं कुणी? ख्रिस्ती झालेल्यांनी. धर्मांतर कसं झालं हे सांगितलं कुणी? सातातल्या सहा वेळा, ज्यांनी ते केलं नाही त्यांनी. शेजाऱ्याच्या धर्मांतराबद्दलचं शेजाऱ्याचं मत हा पुरावा आहेच, पण तो शेजाऱ्याच्या मनाचा पुरावा आहे. माणूस ख्रिस्ती का झाला, हे त्यातून कळेलच असं नाही.

इथे समितीच्या बाजूने बोललं पाहिजे. ५५ हा आकडा एवढा लहान राहिला त्याला ख्रिस्ती संस्थाही जबाबदार होत्या. कॅथलिक चर्चने मधेच सहकार्य थांबवलं, निषेधाचं निवेदन दिलं आणि चौकशी थांबवण्यासाठी प्रकरण नागपूर उच्च न्यायालयातही गेलं. न्यायालयाने अर्ज फेटाळला. वस्तुस्थिती शोधणारी समिती नेमण्याचा सरकारला अधिकार आहे, असं त्याचं म्हणणं. कायद्याच्या अंगाने ते बरोबरच. पण मेथडॉलॉजीत एक साधी गोष्ट शिकवतात: ज्याने उत्तर दिलं नाही त्याचं न देणं हीसुद्धा माहिती असते. माणसं चौकशीला का घाबरली, का रागावली, याचं उत्तर प्रश्नावलीतच सापडायची शक्यता असते. समिती नेमण्याच्या ठरावातच सांगितलेलं होतं की मिशनरी बळाने, फसवून किंवा पैशाचा मोह दाखवून अडाणी आदिवासींना आणि मागासांना बाटवतात अशा तक्रारी सरकारकडे आल्या आहेत. त्याच ठरावात दुसरीही बाजू होती, की स्थानिक अधिकारी आपल्याला छळतात असं मिशनरी म्हणतात. म्हणजे कागदावर तराजू होता. पण समितीचं नावच ‘ख्रिस्ती मिशनरी हालचाली चौकशी समिती’. छळाच्या चौकशीची समिती नव्हती ती. नाव ठेवतानाच कोण तपासला जाणार हे ठरून गेलं. तुमच्या सिनॉप्सिसच्या शीर्षकाचंही असंच असतं, बरं का. ‘धर्मांतराच्या समस्येचा अभ्यास’ असं लिहिलंत की धर्मांतर ही समस्या आहे हे तुम्ही अभ्यासाआधीच मान्य केलेलं असतं.

अहवालात ठोस माल नाही असं मात्र समजू नका. कर्जाचं प्रकरण घ्या. मिशनकडून आदिवासींना कर्ज दिलं जाई आणि धर्मांतर केलं की ते माफ होई किंवा वसुली ढिली पडे, असं अहवाल म्हणतो. मिशनच्या शाळेत, वसतिगृहात मुलांना प्रार्थनेला बसवणं, दवाखान्यात उपदेश करणं, याचेही दाखले आहेत. मला हे खोटं वाटत नाही. आजारी माणूस खाटेवर पडलेला असताना त्याच्या उशाशी धर्म सांगायला बसणं हे कुणालाही खटकावं. इथे वर्ध्यात मनोहरजी दिवाणांनी १९३६ पासून दत्तपूरला कुष्ठरोग्यांची सेवा केली. त्यात कुणाचा धर्म बदलायचा नव्हता. ते डोळ्यांसमोर असल्यावर मिशनच्या कुष्ठधामांना समितीने जे प्रश्न विचारले ते गैरवाजवी होते असं मी म्हणणार नाही.

पण इथेच संशोधकाने थांबून विचारायचं असतं. कुष्ठरोगी माणूस. गावाने बाहेर काढलेला, घरच्यांनी टाकलेला. मिशनने त्याला जागा दिली, जखमा धुतल्या, आणि पाच वर्षांनी तो ख्रिस्ती झाला. हे प्रलोभन, की कृतज्ञता, की ज्या समाजाने टाकलं त्याच्याकडे फिरवलेली पाठ? बाहेरून बघणाऱ्याला तिन्ही सारखेच दिसतात. फरक फक्त त्या माणसाच्या सांगण्यात आहे, आणि अहवालात नेमकं ते सांगणंच सगळ्यात कमी आहे. कर्जाचंही तसंच. मिशनने कर्ज दिलं म्हणून माणूस ख्रिस्ती झाला, हे एक स्पष्टीकरण. सावकार आणि वेठ यांच्यातून सुटायला त्याला तेवढी एकच वाट दिसली, हे दुसरं. पहिलं खरं असेल तर मिशनला आवरावं लागेल. दुसरं खरं असेल तर सावकाराला. अहवाल दुसऱ्या शक्यतेला शिवत नाही असं नाही. आदिवासी भागात शाळा, दवाखाने सरकारने स्वतः चालवावेत असं तो सुचवतोच. पण मुख्य भर पहिलीवर आहे. पर्यायी स्पष्टीकरण मांडून ते खोडल्याशिवाय कार्यकारणभाव सिद्ध होत नाही, हे वाक्य तुम्ही नेटसाठी घोकलेलं असेल. त्याचं जिवंत उदाहरण हवं तर हे घ्या.

पुढची उडी आणखी मोठी आहे. समितीने शिफारशी केल्या: धर्मांतर हाच ज्यांचा मुख्य उद्देश आहे त्या मिशनऱ्यांना परत जायला सांगावं. वैद्यकीय सेवेचा धर्मांतरासाठी वापर कायद्याने बंद करावा. प्रचाराचा हक्क फक्त नागरिकांना आहे आणि त्यात बळाने, फसवणुकीने केलेलं धर्मांतर येत नाही, असं संविधानात स्पष्ट करावं. आणि धर्मप्रचाराचं साहित्य राज्य सरकारच्या मान्यतेशिवाय वाटायला बंदी असावी.

ही शेवटची शिफारस पुन्हा एकदा वाचा. दवाखान्यातला उपदेश, कर्जमाफी, शाळेतली सक्ती या कृती आहेत. त्यांचा पुरावा अहवालात थोडाफार आहे. पण छापील पत्रक वाटायला सरकारची परवानगी लागावी, याला आधार कोणता? पत्रकं वाचून माणसं फसली असा पुरावा? ज्यांना समिती निरक्षर म्हणते तेच लोक पत्रकं वाचून बाटले म्हणायचं का? कृतीवरच्या पुराव्यातून शिकवणीवरचं बंधन काढलंय. पुरावा एका गोष्टीचा आणि निष्कर्ष दुसऱ्याच गोष्टीचा. आणि ही शिफारस अंमलात आली असती तर उद्या कोणतं सरकार कोणतं पत्रक मंजूर करणार, हे विचारायची सोय उरली नसती.

आता जॉर्ज. त्यांना ‘सरकारने शोभेला बसवलेला ख्रिस्ती’ म्हणून मोडीत काढणं सोपं आहे. तसं करू नका. हा माणूस केरळचा. कलकत्त्याच्या बिशप्स कॉलेजात धर्मशास्त्र शिकवायचा. १९३२ साली गांधींच्या सत्याग्रहाला पाठिंबा द्यायचा की नोकरी सांभाळायची, असं आलं तेव्हा नोकरी सोडली. १९३९ साली गांधींनी ख्रिस्ती धर्मापुढे ठेवलेल्या आव्हानावर त्यांचं इंग्रजी पुस्तक आलं. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं, की क्रुसाचा मार्ग गांधी जगून दाखवतात आणि चर्चने त्यांच्याकडून शिकावं. दुसऱ्याचा धर्म बदलवण्याला त्यांचा विरोध होता तो श्रद्धेतून आलेला. ख्रिस्ती संस्थांना ते आपले प्रतिनिधी वाटले नाहीत हे खरं. पण प्रामाणिक माणूस आपल्या समाजाचा प्रतिनिधी असलाच पाहिजे असं कुठे आहे?

माझी अडचण वेगळी आहे. ‘मी कुणाचा धर्म बदलवणार नाही’ हे एक वाक्य. ‘कुणीच कुणाचा धर्म बदलवू नये’ हे दुसरं. ‘जो बदलवेल त्याला सरकारने अडवावं’ हे तिसरं. पहिलं व्रत आहे, दुसरं नीतीचं मत, तिसरं कायदा. पहिल्यावरून तिसऱ्यावर यायला मधे पुष्कळ पायऱ्या लागतात. जॉर्ज त्या कशा चढले, ते मला अहवालात सापडत नाही. गांधींचंही उदाहरण बघा. मे १९३५ च्या ‘हरिजन’मध्ये त्यांची एका मिशनरी परिचारिकेशी झालेली बातचीत आहे. आपल्या हाती सत्ता असती आणि कायदा करता आला असता तर आपण धर्मांतराचं काम बंदच केलं असतं, अशा अर्थाचं ते तिथे बोलून जातात. धर्मांतरबंदीच्या बाजूने लिहिणारा प्रत्येक जण हे वाक्य वापरतो. पण त्याआधी १९३१ मध्ये, स्वतंत्र भारतात मिशनऱ्यांना परत जायला सांगू, असं एका बातमीदाराने त्यांच्या तोंडी घातलं होतं. तेव्हा गांधींनी २३ एप्रिलच्या ‘यंग इंडिया’त ते आपल्या म्हणण्याचं विडंबन आहे म्हणून सांगितलं आणि आपलं म्हणणं नव्या शब्दांत मांडलं. सेवेच्या आडून धर्मांतर करणार असाल तर तुम्ही परत गेलात तर मला बरं वाटेल, असा त्याचा सूर. ‘घालवून देऊ’ आणि ‘गेलात तर बरं’ यांत कायद्याएवढं अंतर आहे. गांधींचं एक वाक्य घेऊन प्रबंधात प्रकरण उभं करायचं असेल तर आधी त्याची सगळी रूपं तारखांसह एका कागदावर मांडा. सेवाग्रामला राहून, किंवा वर्ध्यात शिकून, एवढं तरी आपल्याकडून व्हावं.

अहवाल आला आणि लगोलग दोन गोष्टी घडल्या. १ नोव्हेंबर १९५६ ला राज्यांची फेररचना होऊन वर्धा, नागपूर मुंबई राज्यात गेले. त्यामुळे अहवालाच्या वाटेने मध्य प्रदेशने १९६८ मध्ये धर्मस्वातंत्र्याचा कायदा केला, तो वर्ध्याला कधी लागू झालाच नाही. (ओडिशाने त्याच्या आदल्याच वर्षी केला होता.) दुसरी गोष्ट त्याच्या पंधरवडाभर आधीची. १४ ऑक्टोबर १९५६, नागपूर, बाबासाहेबांची धम्मदीक्षा. ज्या शहरातून धर्मांतराच्या विरोधातला अहवाल छापून निघाला, त्याच शहरात त्याच वर्षी लाखो माणसांनी धर्म बदलला. वर्ध्याच्या गावागावांतून लोक गेले होते. तुमच्यातल्या कित्येकांच्या घरी ही आठवण असेल. दीक्षा घेतलेल्यांच्या नावांत माजी मुख्य न्यायाधीश नियोगींचंही नाव येतं. अहवालाचे अध्यक्ष तेच.

हे वाचून ‘बघा, ढोंगी’ म्हणायची घाई करू नका. मला तर यात अहवालाची उत्तम चाचणी दिसते. नियोगींसारख्या शिकलेल्या माणसाने धर्म बदलला तर तो विचारपूर्वक निर्णय. त्याच मैदानावर शेजारी उभ्या असलेल्या, अक्षरओळख नसलेल्या मजुराचा निर्णय मात्र कमी विचाराचा, असं कुणी म्हणेल? त्या मजुराला माहीत होतं तो काय सोडतोय आणि कशासाठी. अस्पृश्यता सोडून माणूसपण घ्यायचं होतं. आता ‘भौतिक लाभ’ या शब्दात माणूसपण बसतं का? पंक्तीत बसायला मिळणं, विहिरीवर पाणी भरायला मिळणं, हे लाभ की हक्क? आणि हे दलित माणसाच्या बाबतीत मान्य असेल तर सरगुजाच्या उराँवाच्या बाबतीत अमान्य का? अहवालाचा सगळा डोलारा ‘अडाणी आणि मागास माणूस स्वतःचा धर्म ठरवू शकत नाही’ या गृहीतकावर आहे. ते गृहीतक कुठेही तपासलेलं नाही. दीक्षाभूमीवर ते सहा महिन्यांत खोटं ठरलं.

कायद्यात हेच गृहीतक कसं उतरलं ते बघा. १९६८ च्या कायद्यात धर्मांतर घडवणाऱ्याला शिक्षा होती. पण धर्मांतरित व्यक्ती अज्ञान मूल, स्त्री, किंवा अनुसूचित जाती-जमातीची असेल तर ती शिक्षा दुप्पट, एक वर्षाऐवजी दोन वर्षं. म्हणजे प्रौढ बाई आणि प्रौढ दलित माणूस हे समजुतीच्या बाबतीत मुलाच्या रांगेत. आणि ‘बळ’ या शब्दाच्या व्याख्येत दैवी कोपाची धमकीही घातलेली होती. पाप केलंस तर नरकात जाशील, ही शिकवण जगातल्या किती धर्मांत आहे? कीर्तनातून ती आपण सगळ्यांनी ऐकली आहे. ती एका धर्माच्या तोंडी आली की बळ, दुसऱ्याच्या तोंडी प्रबोधन, असं होणार असेल तर ती व्याख्या संशोधनाच्या कामाची नाही आणि न्यायाच्याही नाही. मेथडच्या भाषेत सांगायचं तर ऑपरेशनल व्याख्या अशी हवी की दोन वेगळ्या माणसांनी ती लावली तरी उत्तर एकच यावं.

संविधान सभेत ‘प्रचार’ हा शब्द ठेवायचा की नाही यावर ६ डिसेंबर १९४८ ला भांडण झालं होतं. लोकनाथ मिश्र तो काढा म्हणत होते. कन्हैयालाल मुन्शींनी तो समझोत्याचा भाग आहे म्हणून राखला. मार्च १९५४ मध्ये, म्हणजे नियोगी समिती नेमण्याच्या जेमतेम महिनाभर आधी, सर्वोच्च न्यायालयाने मुंबईच्या रतिलाल गांधी खटल्यात आपले धर्मविचार दुसऱ्याच्या उद्बोधनासाठी पसरवण्याचा हक्क मान्य केला होता. मग १९७७ मध्ये स्टॅनिस्लॉसच्या निकालात पाच न्यायाधीशांनी सांगितलं की प्रचाराच्या हक्कात दुसऱ्याचं धर्मांतर करण्याचा हक्क येत नाही. घटनातज्ज्ञ एच. एम. सीरवाईंनी या निकालावर फार कडक टीका केली. मला त्यांचं पटतं, कारण न्यायालयाने हक्क कुणाचा हे बघताना फक्त सांगणाऱ्याकडे बघितलं. ऐकून मत बदलणाऱ्याचा सदसद्विवेकाचा हक्क त्याच कलम २५ मध्ये आहे, तो बाजूला राहिला. अहवालात जो माणूस बोलला नाही, तो निकालातही बोलत नाही.

मग कायदा कुठेच नको का? असं मी म्हणत नाही. महाराष्ट्राचाच २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा घ्या. डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा २० ऑगस्टला पुण्यात खून झाला, त्या महिन्यात अध्यादेश निघाला आणि डिसेंबरच्या अधिवेशनात कायदा झाला. त्याला एक अनुसूची आहे, १२ बाबींची. साप, विंचू, कुत्रा चावलेल्या माणसाला दवाखान्यात जाऊ न देणं, भूत उतरवण्यासाठी मारहाण, अशा ठरावीक कृती. सोबत प्रदक्षिणा, वारी, कीर्तन, प्रवचन, भजन यांना स्पष्ट सूट. श्रद्धा खरी की खोटी हे तो विचारत नाही, इजा काय झाली ते विचारतो. तोही अगदी स्वच्छ नाही. त्या प्रथांचा ‘प्रचार, प्रसार’सुद्धा गुन्हा आहे आणि त्या व्याख्येत लेख, पुस्तकही येऊ शकतं. पत्रकांवरच्या नियोगी शिफारशीला मी नाव ठेवलं, तर इथेही ठेवायला हवं. पण निदान प्रचार कशाचा, ते अनुसूचीत मोजून दिलंय. मारहाण सिद्ध करता येते. दैवी कोप कसा सिद्ध करणार?

हे सगळं आज उकरून काढायचं कारण म्हणजे फेब्रुवारी २०२५ मध्ये महाराष्ट्र शासनाने पोलीस महासंचालकांच्या अध्यक्षतेखाली सात जणांची समिती नेमली. ‘लव्ह जिहाद’ आणि फसवून, जबरदस्तीने होणाऱ्या धर्मांतराच्या तक्रारींवर उपाय सुचवायचे, इतर राज्यांचे कायदे अभ्यासायचे, असं तिचं काम. १९५४ च्या ठरावाशी हे ताडून बघा. तेव्हा निदान एक प्रोफेसर, एक प्रश्नावली, चौदा जिल्ह्यांची पायपीट होती. इथे तक्रारींचं अस्तित्व धरून चाललं होतं, उपाय म्हणून कायद्याचा मसुदा नजरेसमोर होता, आणि अध्यक्ष तपास यंत्रणेचे प्रमुख. गुजरातमध्ये असाच कायदा कुठवर पोचतो तेही बघायला मिळालं. एप्रिल २०२४ मध्ये तिथल्या सरकारने परिपत्रक काढून सांगितलं की हिंदूतून बौद्ध व्हायचं असेल तरी आधी जिल्हा दंडाधिकाऱ्यांची परवानगी पाहिजे. मिशनऱ्यांसाठी म्हणून घडवलेलं हत्यार फिरून दीक्षेच्या रांगेपाशी आलं. ज्यांच्या आज्याने १९५६ ला कुणाचीही परवानगी न काढता धम्म घेतला, त्यांनी याचा विचार करावा.

विषय घ्यायचाच असेल तर एक व्यवहाराची सूचना. नियोगी अहवाल आज बहुतेकांच्या हाती पडतो तो सीताराम गोयल यांच्या १९९८ च्या पुनर्मुद्रणातून. त्याला गोयलांची स्वतःची प्रस्तावना आहे आणि ती तटस्थ नाही. उलट बाजूने मुंबईच्या कॅथलिक असोसिएशनने १९५७ मध्ये उत्तर छापलं होतं, तेही तटस्थ नाही. दोन्ही वाचा, पण नंतर. आधी मूळ १९५६ च्या आवृत्तीचा दुसरा खंड घ्या. दौऱ्याच्या नोंदी, निवेदनं, प्रश्नावलीची उत्तरं त्यात आहेत. पहिल्या खंडातले निष्कर्ष न बघता प्रत्येक नोंदीसमोर चार रकाने आखा: बोलणारा कोण, स्वतःबद्दल बोलतोय की दुसऱ्याबद्दल, कुणाच्या समोर, आणि कोणत्या भाषेत. दुसऱ्या रकान्यात ‘स्वतःबद्दल’ किती वेळा लिहावं लागतं ते मोजा. तो आकडा हाती आल्याशिवाय सिनॉप्सिसचं शीर्षक ठरवू नका.